ते बंधू नव्हते, आणि बेशिस्त तर त्याहून नव्हते

प्रति,
संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एफसी रोडवरच्या टीशर्टांवर लेख आला होता त्याबद्दल लिहितोय. लेख तसा मजेशीर होता, फोटोही झकास, पण काळ्या टीशर्टवरच्या त्या गोल गरुडाच्या, म्हणजे रमोन्स या अमेरिकन रॉक बँडच्या लोगोच्या, फोटोखाली तुम्ही ‘रमोन बंधूंचा बँड’ असं छापलंत आणि आत एका ओळीत ‘बेशिस्त, बेताल पोरं, ज्यांना धड वाजवताही येत नव्हतं’ असं म्हणून लेखकमहाशय मोकळे झाले. मग बुधवारी त्यावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र, की हल्लीच्या पोरांना आपल्या छातीवर कोणाचं नाव आहे हेच ठाऊक नसतं. बरोबर आहे काका, नसतं ठाऊक. पण मग पुरवणीला तरी कुठं ठाऊक होतं?

माझं नारायण पेठेत स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. गणपती मंडळं, ढोलताशा पथकं, कॉलेजचे फेस्ट, मॅरेथॉन, सगळ्यांचे टीशर्ट छापतो, त्यामुळं रस्त्यानं जाताना माणसाच्या तोंडाआधी छातीकडं बघायची सवय लागलीय (यावर घरून काय ऐकावं लागतं ते इथं लिहीत नाही). तर सांगायचं काय, की हा लोगो मी धंद्याच्या नजरेनं कैक वर्षं बघतोय आणि बँड त्याच्याही आधीपासून ऐकतोय, कॉलेजात असताना कुणाच्या तरी चुलतभावानं अमेरिकेतून आणलेल्या कॅसेटवरून कॉपी केलेल्या कॅसेटची कॉपी, म्हणजे आवाज असा की ढोल कुठला आणि गिटार कुठली ते अंदाजानंच ओळखायचं. पण रमोन्स त्या अवस्थेतही कळायचे.

आधी लोगोचं बोलतो कारण तोच माझा प्रांत. एकच रंग, पांढरा, तोही काळ्या कापडावर. म्हणजे एकच फ्रेम, एकच जाळी, स्वस्तात काम. काळ्यावर पांढरा एका हातात उठत नाही, पहिला हात मारायचा, तो जरा सुकवायचा आणि त्याच जागेवर दुसरा हात, फ्रेम केसभर हलली तर अक्षरांना सावली पडते. गरुडाची पिसं बारीक आहेत, तिथं शाई साचून जाळी बुजते, म्हणून फुटपाथवरच्या टीशर्टवर बघा, पिसांच्या जागी पांढरा लगदा असतो. हे चित्र म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मोहर. आर्तुरो वेगा नावाचा मेक्सिकोत जन्मलेला चित्रकार होता, त्यानं ती मोहर घेतली आणि गरुडाच्या एका पंजातल्या बाणांच्या जागी बेसबॉलची बॅट दिली, कारण गिटारवाला जॉनी बेसबॉलवेडा, आणि दुसऱ्या पंजात ऑलिव्हच्या ऐवजी सफरचंदाची फांदी. गोलात बाहेरून चौघांची नावं. त्या नावांवरून लोगो कुठल्या काळातला ते सांगता येतं, टॉमी लिहिलेलं असेल तर सुरुवातीचा, मार्की असेल तर १९७८ नंतरचा, डी डीच्या जागी सी.जे. असेल तर १९८९ नंतरचा. तुमच्या फोटोत टॉमी होता. एवढं कुणी झूम करून बघितलं असतं तर ‘बंधू’ लिहायच्या आधी निदान शंका तरी आली असती.

तर बंधू नव्हते. एकाचाही एकाशी रक्ताचा संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्स म्हणून मध्यमवर्गीय वस्ती आहे, तिथली ही चार पोरं. गायक जोई म्हणजे जेफ्री हायमन, गिटारवाला जॉनी म्हणजे जॉन कमिंग्ज, बेस गिटारवाला डी डी म्हणजे डग्लस कॉल्विन, आणि ड्रमर टॉमी म्हणजे तमाश एर्देयी, जन्म बुडापेस्टचा, आईवडील ज्यू, नाझींच्या तावडीतून वाचलेले. १९७४ मध्ये बँड काढला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं सुरुवातीच्या दिवसांत ‘पॉल रमोन’ असं टोपणनाव घेतलं होतं म्हणे, तिथून डी डीनं आडनाव उचललं आणि मग सगळ्यांनीच लावलं. पुढं जो कोणी बँडमध्ये आला त्यालाही तेच आडनाव मिळालं, मार्की रमोन, रिची रमोन, सी.जे. रमोन. ब्लाँडी बँडचा ड्रमर क्लेम बर्क १९८७ मध्ये फक्त दोन शोंपुरता आला, तर त्यालाही एल्विस रमोन करून टाकलं. कपडे पण ठरलेले, काळं लेदर जॅकेट, फाटकी जीन्स, साधे कॅनव्हासचे बूट. ज्यांना तुम्ही बेशिस्त म्हणताय त्यांच्यात युनिफॉर्म होता हो, आणि तो बावीस वर्षं टिकला.

सुरुवात कशी झाली तर मॅनहॅटनच्या बाउअरी रस्त्यावर, जो तेव्हा दारुडे आणि बेघर लोकांचा रस्ता म्हणून बदनाम होता, सीबीजीबी नावाचा एक अंधारा बार होता. मालक हिली क्रिस्टल. त्याला खरं तर कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज असलं संगीत ठेवायचं होतं, नावातली अक्षरंही त्याचीच, पण आले हे लोक. १६ ऑगस्ट १९७४ ला रमोन्स तिथं पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. गाणी दोन-दोन मिनिटांची, मध्ये भाषण नाही, सोलो नाही, एक गाणं संपतं तोच डी डी ओरडणार वन टू थ्री फोर की पुढचं सुरू, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळा खेळ खलास. त्या काळात रॉक म्हणजे काय होतं हे ज्यांना आठवतं त्यांना यातली गंमत कळेल, एकेक गाणं वीस मिनिटं, ड्रमचा सोलो चालू असताना बाकीचे जाऊन चहा पिऊन येतील असा मामला. या चौघांनी त्यातलं सगळं पाणी काढून टाकलं आणि जुन्या पन्नास-साठच्या दशकातली साधी, गुणगुणता येणारी गाणी तेवढी उरवली, फक्त डबल स्पीडनं आणि कान बधीर होतील इतक्या आवाजात.

पहिला अल्बम एप्रिल १९७६ मध्ये आला. साधारण आठवड्याभरात रेकॉर्ड झाला, खर्च ६,४०० डॉलर. चौदा गाणी, एकूण वेळ २९ मिनिटं. अमेरिकेच्या यादीत तो १११ व्या नंबरच्या वर गेला नाही. म्हणजे त्या वेळच्या हिशोबानं फ्लॉपच.

आता ‘धड वाजवता येत नव्हतं’ याचं. हे वाक्य जगभर लोक लिहीत आलेत, तुमचे लेखक पहिले नाहीत. जॉनी गिटार वाजवायचा ती सगळीच्या सगळी डाउनस्ट्रोकनं, म्हणजे हात फक्त खाली मारायचा, वर येताना तार छेडायचीच नाही, सगळे वाजवणारे खालीवर करतात कारण त्यात निम्मे कष्ट. हा माणूस प्रत्येक ठोका खालीच मारायचा, त्या स्पीडला, तासभर. माझा भाचा कोथरूडला गिटारच्या क्लासला जातो, बोटं चांगली पळतात त्याची, सोलो बिलो वाजवून दाखवतो पाहुण्यांना. त्याला म्हटलं हे वाजवून दाखव, तीनच तर कॉर्ड आहेत, अट एवढीच की फक्त खाली. पहिलं गाणं कसंबसं केलं, दुसऱ्याच्या अर्ध्यात मनगट धरून बसला आणि म्हणाला मामा हे गाणं आहे का जिमचा सेट. मी म्हटलं असली तीस गाणी सलग, आणि उद्या दुसऱ्या गावात परत तीस. तेव्हापासून तो रमोन्सना हसत नाही.

आणि टॉमीचं ऐका. तो मुळात ड्रमर नव्हताच, रेकॉर्डिंग स्टुडिओत काम केलेला माणूस होता. सुरुवातीला ड्रमवर जोई होता. मग लक्षात आलं की जोईला पुढं उभं करून गायला लावायला पाहिजे, साडेसहा फूट उंच, किडकिडीत, तोंडावर केस, असा गायक कुणी पाहिलेला नव्हता. मग ड्रमला कोण, तर कुणाला हवं तसं साधं आणि सरळ वाजवता येईना, शेवटी टॉमी स्वतःच बसला. त्याच्या साध्या ठेक्यावर सगळा डोलारा उभा आहे. साधं वाजवणं अवघड असतं हे खरं तर पुण्यातल्या ढोलताशा पथकातल्या कुणालाही विचारा.

४ जुलै १९७६ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली नेमक्या त्या दिवशी, हे लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवत होते, दुसऱ्या दिवशी डिंगवॉल्समध्ये. तिकडची जी पोरं बँड काढायच्या विचारात होती किंवा नुकतीच काढून बसली होती त्यांच्यातली बरीचशी तिथं हजर होती. पुढं याच साध्या, वेगवान रॉकचा, म्हणजे ब्रिटिश पंकचा, जो गाजावाजा झाला, केसांचे तुरे, सेफ्टी पिना, टीव्हीवर शिव्या, वर्तमानपत्रांच्या हेडलाइन्स, त्यानं रमोन्सचं उलट नुकसानच केलं असं माझं मत आहे. कारण अमेरिकेतले रेडिओवाले घाबरले, पंक म्हटलं की राडा, आणि राडा न करणाऱ्या या बिचाऱ्यांची गाणीही लावेनात. रॉकअवे बीच म्हणून त्यांचं गाणं आहे, समुद्रकिनाऱ्यावर जाऊया एवढंच म्हणणारं, कुणाच्याही आजीला आवडेल असं, ते अमेरिकेत ६६ व्या नंबरपर्यंत गेलं आणि तेच त्यांचं तिथलं सगळ्यात मोठं यश.

मग रेकॉर्ड कंपनीनं डोकं चालवलं आणि यांना फिल स्पेक्टर या बड्या निर्मात्याच्या हाती दिलं. १९८० चा एंड ऑफ द सेंचुरी. स्पेक्टरबुवांनी म्हणे जॉनीला एका गाण्याचा सुरुवातीचा एकच कॉर्ड तासन् तास परत परत वाजवायला लावला. अल्बम अमेरिकेत ४४ व्या नंबरला गेला, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वरचा, आणि इंग्लंडमध्ये त्यातलं एक गाणं आठव्या नंबरला गेलं, ते गाणं कुठलं तर व्हायोलिनं बियोलिनं लावलेलं, ज्यात जोईशिवाय एकही रमोन वाजवत नाही. मला हा अल्बम फारसा आवडत नाही, आवडणारे खूप आहेत, असो.

इथंच, म्हणजे १९८० च्या आसपास, दुसरा कुठलाही बँड असता तर गाशा गुंडाळून मोकळा झाला असता. हिट नाही, रेडिओ नाही, ज्यांनी यांच्याकडून घेतलं ते पुढं गेले. यांनी काय केलं, तर व्हॅनमध्ये बसले आणि पुढच्या गावाला निघाले. पुढची सोळा वर्षं. मला माझ्या पत्रात खरं तर एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळी प्रस्तावना झाली.

मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे कारण आपल्याकडं नाटक कंपनी म्हणजे काय ते माहितीये. बस, ठरलेल्या सीटा, रात्रीचा प्रवास, नवं गाव, सेट लावा, प्रयोग करा, सेट काढा, बस. रमोन्सचं तसंच होतं. आपण प्रयोग मोजतो, त्यांचेही मोजलेले आहेत, २,२६३. आता प्रशांत दामलेंनी २०२२ मध्ये साडेबारा हजारांचा टप्पा गाठला त्यामुळं बालगंधर्वच्या कट्ट्यावर हा आकडा कुणी किरकोळीत काढेल, पण बावीस वर्षं, दरवर्षी सरासरी शंभरावर, तेही अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, युरोप, जपान, दक्षिण अमेरिका, आणि प्रत्येक वेळी त्याच स्पीडला. मॉन्टी मेल्निक म्हणून त्यांचा टूर मॅनेजर होता तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, आणि वेगा जवळजवळ प्रत्येक शोला लाइट्स आणि टीशर्ट बघायला हजर. कंपनीच म्हणायची.

कंपनीचा मालक म्हणा, व्यवस्थापक म्हणा, जॉनी. बँडच्या आधी बांधकामावर पाइप बसवायची कामं केलेला माणूस, आणि बँडकडंही तो कामावर जावं तसंच बघायचा. उशीर नाही, शोच्या आधी दारू नाही, उगाच पार्ट्या नाहीत. प्रत्येक शोची नोंद वहीत, कुठं झाला, किती माणसं, किती पैसे. पैसे साठवायचे आणि एक दिवस रिटायर व्हायचं हे त्यानं ठरवलेलं, आणि झालाही. १९८३ मध्ये ड्रमर मार्कीचं पिणं हाताबाहेर गेलं तर सरळ काढून टाकला, १९८७ ला दारू सोडून परत आला तेव्हा घेतला. बेशिस्त म्हणे! आमच्याकडं कामाला पोरं येतात, गणपतीच्या आधी पंधरा दिवस जेव्हा रात्र रात्र छपाई चालू असते तेव्हा नेमकी एकेकाची आजी आजारी पडते, तेव्हा मला जॉनी रमोनची फार आठवण येते.

पण तो काही संत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे नाहीतर मी आरती ओवाळतोय असं वाटेल. अंगावर धावून जाणारा, हेकट, सगळ्यांवर दाब ठेवणारा. जोईची मैत्रीण लिंडा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जोईला सोडून जॉनीकडं गेली, पुढं त्यांनी लग्नही केलं. आणि तिथून पुढं जोई आणि जॉनी एकमेकांशी जवळजवळ बोललेच नाहीत. एक-दोन महिने नाही हो, बँड संपेपर्यंत. त्याच व्हॅनमध्ये, त्याच स्टेजवर, एकमेकांपासून चार हातांवर. नाटकाच्या बसमध्येही असे अबोले असतात आणि तरी तिसऱ्या घंटेला दोघं आपापल्या विंगेत उभे असतात, तेच हे, फक्त अर्धं आयुष्यभर.

राजकारणातही दोन टोकं. जॉनी कट्टर रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा भक्त. जोई ज्यू आणि डाव्या विचारांचा. १९८५ मध्ये रेगन जर्मनीत बिटबुर्गच्या कबरस्तानात गेले, जिथं नाझी एसएसचे सैनिकही पुरलेत, तर जोई, डी डी आणि त्यांच्या एका निर्मात्यानं मिळून रेगनवर टीका करणारं गाणं लिहिलं. जॉनी भडकला, पण गाणं आलंच, पुढच्या वर्षी अल्बममध्ये घेताना नाव तेवढं बदलायला लावलं त्यानं. मला विचाराल तर ते त्यांचं ऐंशीच्या दशकातलं सगळ्यात चांगलं गाणं, आणि गिटार वाजवतोय कोण तर ज्याला ते मान्य नाही तोच. हल्ली आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका फॉरवर्डवरून माणसं ग्रुप सोडून जातात.

जोईला ओसीडी होता, म्हणजे एकच वस्तू परत परत हात लावून बघायची, जिना परत परत चढायचा, त्यात तब्येत लहानपणापासून नाजूक. डी डी नशेत बुडालेला, पण बँडची बरीच चांगली गाणी त्याचीच. १९८९ मध्ये तो बाहेर पडला, मध्ये रॅप करायला गेला (ते ऐकू नका), पण बाहेरूनही रमोन्ससाठी गाणी लिहून देत राहिला. अशी ही सगळी माणसं, त्यांना एका व्हॅनमध्ये बसवून २,२६३ वेळा वेळेवर स्टेजवर उभं करायचं. बेतालपणाच्या जोरावर होतं का हे?

आता टीशर्ट. बुधवारच्या पत्रातल्या काकांची मुख्य तक्रार ही होती की पोरं न ऐकताच टीशर्ट घालतात आणि ही त्या कलाकारांची थट्टा आहे. काका, तुमची तळमळ कळते पण इथं उलटं आहे. रमोन्सना कित्येक वर्षं रेकॉर्डपेक्षा टीशर्टनंच जास्त हात दिला. वेगा सुरुवातीपासून शोच्या ठिकाणी टेबल टाकून टीशर्ट विकायचा, तेव्हा बँडचे टीशर्ट ही अशी काही जगभरची गोष्ट झालेली नव्हती. ते पैसे इतके महत्त्वाचे होते की १९८७ मध्ये ड्रमर रिचीनं बँड सोडला त्याचं कारणच हे, की गाणी लिहूनसुद्धा टीशर्टच्या पैशात त्याला वाटा मिळेना. त्याच्या जागी मग तो दोन शोंचा एल्विस. म्हणजे ज्या कापडाच्या तुकड्याला तुम्ही थट्टा म्हणताय त्यावरून चालू टूरमध्ये माणूस सोडून गेलाय. माझ्यासारख्याला हे ऐकून बरं वाटतं, निदान कुठंतरी छापणाऱ्याच्या धंद्याला एवढी किंमत होती.

एफसी रोडवर अडीचशे-तीनशेला मिळणाऱ्या टीशर्टातलं एक पैसाही रमोन्सच्या वारसांकडं जात नसणार हे उघड आहे, तो मुद्दा काकांनी मांडला असता तर मी हात वर करून पाठिंबा दिला असता. मी स्वतः दुसऱ्याचा लोगो छापून देत नाही, फेस्टवाली पोरं मागतात, मी म्हणतो तुमचं तुम्ही डिझाइन करा. पण गाणं न ऐकता घातला म्हणून पोरीवर डाफरायचं काय कारण? चित्र आवडलं, घातला. उद्या कुणीतरी विचारेल हे कोण गं, ती लाजेकाजेस्तव एक गाणं लावेल, दोन मिनिटांत संपेल, मग दुसरं लागेल. लागू दे की.

यशाचं म्हणाल तर ते आलं, पण भलत्याच ठिकाणी. अर्जेंटिनात. तिथली पोरं या बँडसाठी अक्षरशः वेडी झाली, हॉटेलबाहेर गर्दी, रस्ते बंद. ज्या माणसांना अमेरिकेत छोट्या क्लबांत वाजवावं लागायचं ती १६ मार्च १९९६ ला ब्युनॉस आयरिसच्या रिव्हर प्लेट या फुटबॉलच्या भल्या थोरल्या स्टेडियममध्ये वाजवत होती. त्याच वर्षी ६ ऑगस्टला हॉलिवूडमध्ये शेवटचा शो केला, मोटरहेड बँडचा लेमी आणि पर्ल जॅम बँडचा एडी व्हेडर वगैरे पाहुणे येऊन गेले, आणि मग बास. जॉनीनं म्हटल्याप्रमाणं रिटायरमेंट घेतली. चौदा स्टुडिओ अल्बम झाले होते.

पुढचं भराभर सांगतो कारण ते वाईट आहे. जोई २००१ च्या एप्रिलमध्ये गेला, लिम्फोमा नावाचा कॅन्सर, पन्नाशी पूर्ण व्हायला महिना बाकी. तो हॉस्पिटलमध्ये असताना जॉनीनं फोन केला नाही. पुढच्या मार्चमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडला मान मिळाला, तिथं डी डीनं माइकवर स्वतःचेच आभार मानले आणि जॉनीनं राष्ट्राध्यक्ष बुशना आशीर्वाद दिले, दोघंही शेवटपर्यंत होते तसेच. जूनमध्ये डी डी ओव्हरडोसनं गेला. २००४ मध्ये जॉनी, कॅन्सर. टॉमी तेवढा २०१४ पर्यंत होता, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या पहिल्या ६,४०० डॉलरवाल्या अल्बमला अमेरिकेत गोल्ड मिळालं, म्हणजे पाच लाख प्रती, ३८ वर्षांनी. जुलैमध्ये टॉमीही गेला. मूळ चौघांपैकी एकट्यालाच ते बघायला मिळालं.

सीबीजीबी २००६ मध्ये बंद झालं आणि तिथं नंतर महागड्या कपड्यांचं दुकान आलं. जवळच्या कोपऱ्याला २००३ मध्ये ‘जोई रमोन प्लेस’ नाव दिलंय, ती पाटी इतक्या वेळा चोरीला गेली की शेवटी इतर पाट्यांपेक्षा बरीच उंच लावली. पुण्यात कुठल्या चौकाच्या पाटीवर लोकांचं एवढं प्रेम असेल असं वाटत नाही.

आणि ज्यांना वाटतं हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं, आपला काय संबंध, त्यांच्यासाठी: मार्च २०२५ मध्ये मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात ग्रीन डे हा अमेरिकन बँड आला होता, पुण्यातून एक्सप्रेसवेनं गाड्या भरभरून पोरं गेली आणि पोरांचे बापही गेले. तो ग्रीन डे सरळसरळ रमोन्सच्या हाताखाली शिकलेला. हॉल ऑफ फेमच्या त्या कार्यक्रमात रमोन्सची गाणी वाजवायला हेच होते. गायक बिली जो आर्मस्ट्राँगनं मुलाचं नाव जोई ठेवलं, ड्रमर ट्रे कूलनं मुलीचं रमोना. ग्रीन डेनं जे कमावलं, कोट्यवधी प्रती, स्टेडियमं, ब्रॉडवेवर नाटक, त्यातलं फारसं काही रमोन्सना मिळालं नाही. ग्रीन डेबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगला बँड आहे, मेहनती आहे. पण तुमच्या पुरवणीनं लोलापलूझाच्या वेळी त्यांना पान दिलं आणि रमोन्सना फोटोखालची एक ओळ, तीही चुकीची, म्हणून हे एवढं लांबलचक पत्र. कापणार असाल तर स्पेक्टरचा भाग कापा, व्हॅनचा ठेवा.

ऐकायचं असेल तर कुठून सुरू करायचं हे वर्कशॉपवर येणारी पोरं विचारतात म्हणून सांगतो. पहिला अल्बम, १९७६ चा, २९ मिनिटं, संध्याकाळी स्वारगेटहून कात्रजला निघालात तर उतरायच्या आत ऐकून होतो आणि बहुतेक दुसऱ्यांदा सुरू होतो. मग १९७७ चा रॉकेट टू रशिया. मग इट्स अलाइव्ह, लंडनच्या रेनबो थिएटरात १९७७ च्या ३१ डिसेंबरला रेकॉर्ड केलेला, २८ गाणी, तासाच्या आत, आणि त्यात डी डी प्रत्येक गाण्याआधी वन टू थ्री फोर ज्या घाईनं ओरडतो ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा.

आपला,
एक टीशर्ट छापणारा
नारायण पेठ, पुणे